साखरेशी भांडणारे आमचे व्याही

सुरतेत थंड पेयाची बाटली उघडली की आमच्या व्याह्यांचं डोकं फिरतं, आणि सुरतेत बाटल्या काही कमी उघडत नाहीत. या माणसाने उभी हयात बारडोलीकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासण्यात काढली आणि निवृत्त होताच साखरेच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. "ऊस खा की! दातांना काम तरी होतं. या बाटलीत ना चावणं, ना थांबणं," असं त्यांचं म्हणणं. लग्नात पोरांपुढे थंड्याचा ट्रे आला की हे आचाऱ्याकडून साखरेचा डबा मागवतात, एका बाटलीत असते तेवढी साखर चमच्याचमच्याने पाण्याच्या ग्लासात घालतात आणि म्हणतात, "आता पी बरं हे!" एकदा तर भर मांडवात करवलीलाच तो ग्लास पुढे केला. नातीच्या शाळेसमोरच्या दुकानदाराशी तर रोजच वाजतं. तो हसून म्हणतो, "काका, छोकराओ मांगे छे!" हे ताडकन म्हणतात, "कल माचिस मांगेंगे, तो वो भी देगा?"

संताप मलाही येतो. आमची नात, म्हणजे माझ्या मुलाची आणि त्यांच्या मुलीची पोर, चौदा वर्षांची. दोन जिने चढली की धापा टाकते. वर्गातली पोरं तिला नावं ठेवतात आणि मधल्या सुट्टीत तेच बाटलीतलं गोड पाणी ढोसतात. शाळेतल्या नळाला धड तोटी नाही, फाटकासमोरचा फ्रिज मात्र बारा महिने गारेगार! आणि वर दोष कुणाचा, तर पोरांच्या जिभेचा.

पण एका घरात मात्र व्याह्यांची वाचा बसायची. ते घर माझं. दर रविवारी नात आली की मी फ्रिजमधून मोठी बाटली काढायचो. आजोबांचं कौतुक, दुसरं काय! व्याही समोर बसून चष्मा पुसायचे, हवापाण्याचं बोलायचे. मी मुलाचा बाप, ते मुलीचे. वरपक्षाला उलट बोलायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. अख्ख्या सुरतेशी भांडणारा माणूस माझ्यापुढे गप्प, आणि मी मूर्ख, ती संमती समजत राहिलो.

गेल्या महिन्यात नातीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, साखर वाढू लागलीय, आत्ताच आवरा. त्या संध्याकाळी व्याही एकटेच आले. मला वाटलं, आज फुटणार. मनातून मला ते हवंही होतं. पण त्यांनी दारातच चपला काढल्या आणि हात जोडले. "भाऊसाहेब, मुलगी दिली तेव्हा काही मागितलं नाही. आज एक मागतो. रविवारची ती बाटली बंद करा."

मी त्यांचे हात धरून खाली घेतले. म्हटलं, "अहो, मला शिव्या द्या. त्या दुकानदाराला देता तशा द्या." त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना तेव्हाही ते जमलं नाही. इतक्या रविवारांत एकदा, फक्त एकदा जरी ते माझ्यावर ओरडले असते!