मगदूम सरांची जेस्क्रिप्ट

जुनं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या ऑफिसात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात तर चहाचा कप खाली ठेवेपर्यंत एक नवा तयार असतो! त्यातले निम्मे मगदूम सरांच्या एकाच प्रोग्रामचे.

सर आमचे सगळ्यात जुने प्रोग्रामर. आता रिटायर होऊन नृसिंहवाडीजवळ शेती बघतात. चंदगडच्या एका काजू कारखान्याचा प्रोग्राम त्यांनी जेस्क्रिप्टमध्ये लिहिला होता. जेस्क्रिप्ट म्हणजे एका बड्या कंपनीनं आपल्या ब्राउझरसाठी काढलेली स्वतःची जावास्क्रिप्ट. तो ब्राउझर आता बंद झाला. हंगामाआधी सगळं नव्या ब्राउझरवर आणायचं, नाहीतर कारखान्याचं काम दुसरीकडं जाणार! काम आलं नुकत्याच लागलेल्या शुभांगीकडं. हे जमलं तरच तिची नोकरी कायम. पोरगी जेवायचंच विसरली.

*

सुरुवातीलाच तिनं कोड स्वच्छ केला, म्हणजे कोडच्या मधे लिहिलेल्या टिपा, सगळ्या कॉमेंट, काढून टाकल्या. कॉमेंट माणसासाठी असते, मशीन ती वाचत नाही, असंच आम्ही सगळे शिकलेलो. जुन्या ब्राउझरवर चालणारा प्रोग्रामही जागेवर थांबला! जेस्क्रिप्टमध्ये ठरावीक खुणेची कॉमेंट चक्क कोड म्हणून चालते. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण त्या दिवशी मी स्क्रीनला हात जोडले.

*

काजूच्या प्रतवारीच्या यादीत शेवटी सरांच्या हातून एक स्वल्पविराम जास्त पडलेला. जेस्क्रिप्ट त्याच्यापुढं एक रिकामी जागा धरायची, नवा ब्राउझर धरत नाही. शुभांगीनं नवं पान पाठवलं आणि कारखान्याचे मालक संभाजीराव माझ्या फोनवर कडाडले.

"ओ पावणं, बिननावाचा काजू कुठं गेला?"

"मालक, ती चूक होती. तशी प्रतच नाही," मी म्हटलं.

"न्हाय कशी? इतकी वर्सं तुकडा काजू आमी तितंच घालतोय की!"

शुभांगीनं ती रिकामी ओळ मुकाट्यानं परत घातली.

*

खरी अडचण छपाईची. जुनं पान एक बटण दाबलं की स्वतः एक्सेल उघडून, तक्ता भरून प्रिंट मारायचं. नवा ब्राउझर एक्सेलला हातच लावू देईना! हंगाम तोंडावर आला. शुभांगी सगळ्यांसमोर रडली.

शेवटी वैतागून तिनं सरांचं मूळ छपाईचं पान, काहीच न बदलता, नव्या ब्राउझरमध्ये उघडलं. चालणारच नाही म्हणून आजवर कुणी उघडून बघितलंच नव्हतं.

स्क्रीनवर मराठीत चौकट आली: "कंपनीचा ब्राउझर गेला वाटतं. घाबरू नका. दुसरा रस्ता करून ठेवलाय."

तिनं ओके दाबलं. भरलेला तक्ता समोर आला आणि प्रिंटर सुरू झाला!

शुभांगीनं तिथूनच फोन लावला. "सर, हा दुसरा रस्ता कधी लिहिलात तुम्ही?"

"त्यो व्हय?" सर म्हणाले. "एक्सेलचं मागनं आलं. आदी त्योच लिवलाता की!"