इराची दोन भाषांतली तपासणी

"किटामधून सांगितलं, घरात मराठी बंद करा. आम्ही केलं बंद," मंजिरी म्हणाली. "आता ती मराठीतही बोलत नाही."

तिची चार वर्षांची इरा खाली बसून ठोकळे रचत होती.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी हॅम्बर्गमध्ये स्पीच थेरपिस्ट होते. किटा म्हणजे तिथली बालवाडी. मंजिरी आणि समीर पुण्याचे. समीर सॉफ्टवेअरमध्ये. मंजिरीचं जर्मन बेताचंच, त्यामुळे मराठी थांबल्यावर घरातलं बोलणंच आटलं होतं.

चित्रं ओळखायच्या जर्मन टेस्टमध्ये इराला फार कमी मार्क होते. माझी बॉस फ्राऊ लेंझ म्हणाली, "तर मग, दोन भाषांमुळे उशीर होतोय. वाट बघू."

"ही टेस्ट फक्त जर्मन बोलणाऱ्या मुलांवरून बेतलेली आहे," मी म्हटलं. "दोन भाषांच्या मुलांचे शब्द वाटले गेलेले असतात. चमचा घरच्या भाषेत, कात्री किटाच्या. एकत्र मोजायला हवेत. मी मराठीतही तपासते."

मला वाटलं होतं, बेरीज केली की इरा बरोबरीला येईल. मंजिरीलाही तेच ऐकायचं होतं. पण मराठीतही इरा मागेच निघाली. जर्मन 'फिश'ला ती 'फि' म्हणायची आणि मराठी 'मासा'ला 'माआ'. नुसतं जर्मन कच्चं असतं, तर 'मासा' नीट यायला हवा होता.

बाहुली काढायला मी कपाटाकडे वळले आणि पाठमोरीच विचारलं, "इरा, कुठली हवी?" उत्तर नाही. वळून पुन्हा विचारलं. तिने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि बोट दाखवलं.

"हिचे कान तपासलेत का?"

"कान? अहो मॅडम, टीव्ही तर ऐकते ती," समीर म्हणाला.

"आवाज केवढा ठेवून?"

"मोठाच," म्हणत त्याने मंजिरीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "म्हणजे मी उगाच तिच्याशी बोलणं थांबवलं?"

"आजपासून बोला. जवळ बसून, समोरून."

कानाच्या डॉक्टरांना दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलेलं दिसलं. लहान मुलांत हे होतं. बाहेरून कळत नाही, आवाज पुसट येतात. पाणी पुन्हा साठू नये म्हणून पडद्यांत छोट्या नळ्या बसवल्या. नंतर माझ्याकडे बरेच महिने थेरपी चालली. शाळा सुरू होईपर्यंत इरा आईशी वाद घालू लागली होती. आई मराठीत, ती जर्मनमध्ये. मंजिरीची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

दोन भाषांचं मूल दोन्ही भाषांत तपासावं. त्याआधी कान तपासावेत. भाषेवर खापर फोडणं सोपं असतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी करावं.