नळाला चाकू लावणारे सुखदेव मिस्त्री

चि. नेहा आणि रोहन,

तुमच्या तिकडच्या पाणीखात्याची चिठ्ठी आली, घरात येणारी नळी शिशाची आहे का ते तपासून कळवा, असे परवा फोनवर सांगितलेत आणि विचारलेत, "आजी, हे कसं ओळखायचं?" मला ते वाशीमला नळ बसवणाऱ्या सुखदेव मिस्त्रींनी शिकवले. त्यांना ओळखणारी आता मी एकटीच उरले असेन, म्हणून लिहून ठेवते.

कुणाच्याही घरी पाणी पुढे केले की मिस्त्री आधी पेला खाली ठेवत. नळाजवळ उकिडवे बसून खिशातल्या लहान चाकूने नळी खरवडत, मान वाकडी करून बघत आणि मगच पाणी पीत. लोक हसत. "मिस्त्री, नळाची दाढी करता का?" ते शांतपणे म्हणत, "डोया चुकते, चाकू नाई चुकत." डोया म्हणजे डोळा.

ही सवय त्यांना लागली ती माझ्यासमोर. सत्तरचे दशक नुकतेच लागले होते. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे बाबा जेमतेम वर्षाचे होते. एका निवृत्त इंजिनियरच्या सामानात मिस्त्रींना एक जुने इंग्रजी पुस्तक मिळाले. त्यातल्या चित्रात ते वापरत तसलीच नळी होती, म्हणून ते कौतुकाने माझ्याकडे घेऊन आले. "पाहा बरं बाई, काय लिवलं हाये."

मी मराठीत करून वाचले. शिशाच्या नळीत पाणी साचून राहिले की शिसे पाण्यात उतरते, चव किंवा रंग बदलत नाही, आणि लहान मुलांना ते सर्वांत जास्त बाधते. मिस्त्री म्हणाले, "पुन्हा वाचा. हळू." दुसऱ्यांदा ऐकून ते उठून आमच्या नळापाशी गेले. सांधा न देता कोपऱ्यातून वळवता येते म्हणून ती शिशाची नळी त्यांनीच हौसेने बसवली होती. "लोण्यावानी वाकते," असे तेव्हा अभिमानाने सांगितले होते. अशी नळी त्यांनी गावात पाच घरांत घातली होती.

"हातानं केलं ते हातानंच काढा लागते, बाई," एवढेच म्हणून ते गेले.

नळी बदलायला तीन घरे लगेच तयार झाली. चौथ्या घरातले कुटुंब गाव सोडून गेले होते, घराला कुलूप होते. पाचवे आमचे, आणि तिथे सासूबाई आडव्या आल्या. आपण जैन. घरात पाणी दुहेरी फडक्यातून गाळून, उकळूनच प्यायचे. "गाळलेलं, उकळलेलं पाणी आपलं. त्यात काय राहणार?" असे त्यांचे म्हणणे. मी सांगितले, उकळून पाणी आटते, शिसे आटत नाही. "शाळेतलं शाळेत ठेव," त्या म्हणाल्या. शिवाय चातुर्मास लागला होता. नळी जमिनीखालून येत होती आणि चातुर्मासात माती खणली की जीव मरतात. चार महिने थांबा, असा निकाल झाला.

आमच्या परसातल्या विहिरीचे पाणी मचूळ, म्हणून मी रोज शाळेच्या विहिरीची एक कळशी आणू लागले. पण मी शाळेत असताना बाळाला कुठले पाणी पाजले जाते, हे विचारायची माझी छाती नव्हती.

एका सकाळी मिस्त्री आले तेव्हा सासूबाई परसातल्या विहिरीवर होत्या. पाणी गाळलेल्या फडक्यातले जीव वाचावेत म्हणून ते फडके उलटे धुऊन, ते पाणी बादलीने अलगद विहिरीत सोडायची त्यांची पद्धत होती. मिस्त्री लांब उभे राहिले. बादली वर आल्यावर म्हणाले,

"माय, त्या फडक्यातला जीव तुमाले दिसते का?"

"दिसत नाही. पण असतो."

"मंग नळीतलं जहर बी तसंच हाये. दिसत नाई. आन् घरात लेकरू पिऊन राह्यलं. मीच घातली ती नळी, माय. मले झोप नाई लागत."

सासूबाईंनी दोर गुंडाळून कठड्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "किती खणावं लागेल?"

"चार बोटं. कुदळ नाई लावत."

त्यांनी खरेच कुदळ लावली नाही. दिवसभर खुरपीने माती काढली, सुपात घेतली, बोटांनी चाळली. मुंगी, गांडूळ जे निघेल ते सासूबाई तुळशीजवळ सावलीत नेऊन सोडत होत्या. वर्षानुवर्षे सांध्यांसाठी शिसे वितळवून मिस्त्रींचा उजवा हात थरथरे, म्हणून सूप मी धरले. तिन्हीसांजेला लोखंडी नळ बसला. काढलेल्या नळीवर त्यांनी मला चाकू ओढायला लावला. काळपट नळीवर चांदीसारखी रेघ उमटली. "हे शिसं. लोखंड असं कापल्या जात नाई. ध्यानात ठेवा."

पुढे त्यांच्या उजव्या मनगटातली ताकदच गेली आणि काम सुटले. डॉक्टरांनी नक्की कारण कधी सांगितले नाही. शेवटचे आले तेव्हा मी पाणी दिले. त्यांनी डाव्या हाताने चाकू काढला आणि नळाशी बसले.

मी म्हटले, "मिस्त्री, हा तर तुम्हीच बसवला."

"म्हनूनच, बाई."

त्याच उन्हाळ्यात ते गेले.

तो नळ अजून चालू आहे. तोटीखाली त्यांच्या चाकूचे ओरखडे आहेत, गंजले आहेत, पण बोट फिरवले की लागतात.