ल्युदाआजींचं बिलोरी वाडगं

ल्युदाआजींच्या रशियन गावात म्हणे पहाट कोंबड्याने होत नसे, काचकारखान्याच्या भोंग्याने होई. आजोबा भट्टीवर, आई पॅकिंगला, आणि ल्युदाआजी सतराव्या वर्षापासून फिरत्या दगडी चाकावर बिलोरी काचेला नक्षी कापायला. पुढे वाईट दिवस आले, तेव्हा कारखान्याने पगार म्हणून फुलदाण्याच हातात ठेवल्या. अख्खं गाव त्या घेऊन हायवेच्या कडेला उभं राही. "मोटारवाले उचलत, उलटंपालटं करून बघत, आणि परत ठेवून देत," असं त्या हसत हसत सांगत. जर्मन वंशाच्या नवऱ्याबरोबर त्या न्युरेम्बर्गला आल्या. तो गेल्यावर कौमुदीच्या खालच्या मजल्यावर एकट्याच राहत.

कौमुदीच्या लेकीच्या, दियाच्या, आठव्या वाढदिवसाला त्या स्वतः नक्षी कापलेलं एक बिलोरी वाडगं भरून सॅलड घेऊन आल्या. "वाडगंही तुझ्याकडेच ठेव," कौमुदीला म्हणाल्या.

त्या गेल्यावर कौमुदीने त्यातले गुलाबी तुकडे पाहिले नि पदर सावरावा तसे हात मागे घेतले. "अहो, सॉसेज घातलंय यात!"

"विचार की त्यांना," प्रद्युम्न म्हणाला.

"विचारायचं काय त्यात? डोळ्यांना दिसतंय ना!"

सॅलड कचऱ्यात गेलं. वाडग्याचं काय करायचं? पितळेला विस्तव तरी दाखवता येतो, काचेला कसा दाखवणार? आणि देव तर स्वयंपाकघरातच. आठवडाभर ते बाल्कनीत पडून राहिलं. शनिवारी ल्युदाआजी लेकीकडे हायडेलबर्गला गेल्यात असं पाहून कौमुदीने ते जुन्या खेळण्यांबरोबर खोक्यात घातलं, वर 'त्सू फेरशेंकेन' लिहिलं नि फुटपाथवर ठेवलं. ज्याला हवं त्याने न्यावं, इथली रीतच ती.

पूजा आटोपून खिडकीशी आली, तर खाली ल्युदाआजी! एक दिवस आधीच परतल्या होत्या; प्रवासाची बॅग पायाशी, आणि रुमालाने वाडगं पुसताहेत.

कौमुदी घरातल्या सपातांवरच जिना उतरली. मागोमाग दिया.

"नको झालं?" ल्युदाआजींनी विचारलं.

"जागा नाही हो घरात..." कपाळावरचं गंध ओलं असताना ती खोटं बोलली. मग तिलाच ते सोसेना. "त्यात मांस होतं ना. आम्हाला चालत नाही."

"मांस? अगं, बीट होतं ते. अंडंसुद्धा घातलं नव्हतं. तुम्हाला काय चालतं, हे दियाला आधी विचारलं होतं मी."

"गेनाऊ," दियाने जर्मनमध्ये दुजोरा दिला. "मी सांगत होते, आई. तू ऐकलंच नाहीस."

कौमुदीला मान वर करवेना. ल्युदाआजी वाडग्यावरच्या फुलावरून अंगठा फिरवत होत्या. "हे माझ्या हातचं शेवटचं. यानंतर हात थरथरायला लागला."

तेवढ्यात एक बाई सायकलवरून उतरली. "काय सुंदर! हे घेऊ का मी?"

ल्युदाआजींनी कौमुदीकडे पाहिलं. 'नाही, माझं आहे ते,' एवढंच कौमुदीला म्हणायचं होतं. पण फुटपाथवर टाकलेल्या वस्तूला त्यांच्या देखत 'माझं' कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मग ल्युदाआजींनी वाडगं खोक्यातल्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळलं. "घ्या. डिशवॉशरमध्ये घालू नका मात्र."

सायकल कोपऱ्यावर वळली. कौमुदीने चटकन बॅगेला हात घातला.

"राहू दे," ल्युदाआजी म्हणाल्या. "जड नाही."

कठडा धरून त्या एकेक पायरी चढू लागल्या. कौमुदी खालीच उभी राहिली. त्यांना ओलांडून वर जायची तिची छाती होईना, आणि हाक मारायचीही.