डबा का नाही सोडला

माझी बहीण डेलिया जीपमध्येच वारली. नवऱ्याशेजारच्या सीटवर, पट्टा लावलेला, मांडीवर तिसऱ्या नंबरची फीत. मागे जोडलेल्या डब्यात तिची घोडी हेझल ठणठणीत उभी होती. तेव्हापासून आमच्या गावात एकच वाद चालू होता. तिच्या नवऱ्यानं, फेस्टीनं, वाटेत घोडीचा डबा सोडला असता आणि मोकळी जीप पळवली असती, तर डेलिया वाचली असती का? मी तिची धाकटी बहीण नोनी. माझं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. वाचली असती. आणि ज्याला हे मत पसंत नव्हतं त्याच्या घरी मी चहाला जात नव्हते.

फेस्टी मल्केरिनला तुम्ही रस्त्यात पाहिलं असतं तर तो लक्षातही राहिला नसता. तो रस्त्याच्या कामावर होता. आमच्या कोनेमारा भागातला, दलदलीतून शहराकडे जाणारा रस्ता दर हिवाळ्यात खचतो आणि दर उन्हाळ्यात फेस्टीची टोळी त्यावर डांबर ओतते. एकेक खड्डा त्यानं इतक्यांदा बुजवला होता की त्यांच्याशी त्याची सोयरीकच झाली होती. बोलणं कमी, भांडण त्याहून कमी. डेलियानं याच्यात काय पाहिलं हे मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "अगं, तो ऐकतो. ऐकणारा नवरा मिळायला नशीब लागतं."

घोड्यांचं वेड डेलियाचं. फेस्टी तर सुरुवातीला घोड्याच्या मागून जायलाही घाबरायचा. आमच्याकडची घोडी म्हणजे उंचीला बेताची, रंगानं करडी, खडकात वाढलेली आणि अक्कल माणसाहून थोडी जास्त. हेझल तशीच होती. तिला प्रदर्शनांना न्यायचं म्हणजे दर वेळी कुणाच्या तरी जीपची मिनतवारी करावी लागायची. तेव्हा डेलिया एक दिवस म्हणाली, आता पुरे, आपली जीप घ्यायची. नवी घ्यायची ऐपत कुठली. पूर्वेकडच्या एका व्यापाऱ्याकडे एक म्हातारी डिझेल जीप होती, ती बघायला आम्ही तिघं भल्या सकाळी गेलो.

जुनं डिझेल बघायला सकाळीच जायचं असतं, कारण गार इंजिन खोटं बोलत नाही; आधीच गरम केलेलं कुठलंही सुरू होतं. डेलियानं उतरताच आधी बॉनेटवर हात ठेवला.

"इंजिन गरम आहे," ती म्हणाली.

"आत्ताच दूध आणायला गेलो होतो, बाई," व्यापारी म्हणाला.

"तुमच्याकडं तर दारात सात गायी आहेत."

त्यानं बॉनेट फडक्यानं पुसायला घेतलं.

"असू दे," डेलिया म्हणाली. "होईल गार. तोवर चहा टाका, आम्हाला घाई नाही."

जीप गार होईस्तोवर आम्ही त्या अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरात बसलो. केक संपवला, त्याच्या बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन पहिल्यापासून ऐकलं. मग डेलिया चिखलात उताणी पडून जीपखाली शिरली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं चॅसी ठोकून बघू लागली. समुद्राकाठच्या गाड्यांना वरून रंग असतो आणि खालून नुसता गंज. फेस्टी तिची पर्स धरून उभा होता. ठोकणं संपल्यावर तिनं त्याला आत बसवलं. "किल्ली अर्धीच फिरव. पिवळा दिवा विझू दे. आता." जीप खोकली, धुराचा लोट सोडला आणि सुरू झाली.

"सकाळी जरा खोकते," व्यापारी म्हणाला, "पण दिवसभर कुरकुर नाही."

"म्हणजे माझ्यासारखीच," डेलिया म्हणाली. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोघांनी तळहातावर थुंकून हात मिळवले आणि सौदा झाला. घरी येताना ती गात होती. पर्स परत द्यायचं फेस्टीच्या लक्षातच नव्हतं, ती तशीच त्याच्या मांडीवर होती.

पण जीप घेणं वेगळं आणि मागे जिवंत जनावर घेऊन चालवणं वेगळं. पहिल्याच फेरीत फेस्टीनं एक वळण डांबराच्या ट्रकसारखं घेतलं. हेझल घरी उतरली तेव्हा तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं आणि ती थरथरत होती. डेलियानं आवाज चढवला नाही. घोडी तबेल्यात बांधली आणि नवऱ्याला म्हणाली, "चढ डब्यात."

"मी?"

"हो, तू. तिच्या जागी उभा राहा. कुठं धरायचं नाही. तिला हात नाहीत."

मग ती स्वतः जीपमध्ये बसली आणि त्याला शेतात चार फेऱ्या मारून आणलं. मी कुंपणावर बसून हसत होते. फेस्टी बाहेर आला तो कपाळाला टेंगूळ घेऊन, आणि गवतात ओकला.

"कळलं?" डेलियानं विचारलं.

"कळलं," तो म्हणाला.

त्याला जे कळलं ते कायमचं. त्यानंतर वळण नजरेला पडायच्या आधीच त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जायचा. ब्रेक असा दाबायचा की चहा सांडू नये. मागे गाड्यांची रांग लागायची. आमची माणसं काही बोलत नसत, कारण ज्याच्या त्याच्या घरी एखादं शिंगरू असतंच. परदेशी पाहुणे तेवढे भोंगे वाजवायचे. फेस्टी आरशात बघून त्यांना हात करायचा. जीपवरही त्याचा जीव जडला. वाळूवर घोडी पळवून आणली की पाइप लावून चाकांखालचं मीठ धुवायचं, थंडी सुरू व्हायच्या आधी जुनं काळं ऑइल ब्रशनं चॅसीला फासायचं. त्या दिवशी त्याच्या हातची भाकर खाववत नसे, इतका वास यायचा. वर्षानुवर्षं ही जोडी अशीच फिरली: डेलिया बोलायची, फेस्टी चालवायचा, मागे घोडी गवत खायची.

त्या ऑगस्टमध्ये क्लिफडनच्या प्रदर्शनात हेझल तिसरी आली. परतताना डेलियाला छातीत जळजळायला लागलं. हॅमचं सँडविच बाधलं, असं ती म्हणाली. चौफुलीवर मॅटीचा पेट्रोल पंप आहे. तिथून उजवीकडे वळलं की आमचं गाव, सरळ गेलं की शहर आणि हॉस्पिटल. फेस्टी तिथं पाणी घ्यायला थांबला. पुढचं मला मॅटीनं सांगितलं. डेलियाचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ती आपला जबडा धरून बसली होती.

"फेस्टी, हे जळजळीचं लक्षण नाही," मॅटी म्हणाला. "मी ॲम्ब्युलन्स बोलावतो."

"काही नको तमाशा," डेलिया म्हणाली. "ती यायच्या आत आम्ही हॉस्पिटलला पोचू."

"मग डबा इथं सोडा. घोडी मी बघतो."

"ती तुझ्या हातानं उतरणार नाही, मॅटी. रस्त्यावर सुटेल आणि ट्रकखाली जाईल. फेस्टी, चल तू."

मॅटी सांगतो, त्याचा हात डब्याच्या हुकावर होता. सोडायला दोन मिनिटं लागली नसती. फेस्टीनं हुकाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि जन्मभर ऐकलं तसं ऐकलं. पंपावरच्या रेडिओवर सहाची प्रार्थनेची घंटा वाजत होती. मॅटीनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि जीप निघाली.

वाटेत ती फक्त दोनदा बोलली, असं फेस्टी म्हणतो. एकदा म्हणाली, "पुढे वळण आहे." आणि मग बऱ्याच वेळानं, "सावकाश." मॉयकलनचं चर्च गेल्यावर तिची मान कलली, त्याला वाटलं झोप लागली. तो हॉस्पिटलच्या फाटकात पोचला तेव्हा सातच्या बातम्या लागल्या होत्या. फाटकावरचा माणूस म्हणाला, इथं घोडा आणता येत नाही. आतल्या डॉक्टरनं बघितलं आणि म्हणाला, थोडं आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

त्यांचा मुलगा कोलमन बॉस्टनहून आला. डेलिया पुढच्या खोलीत ठेवलेली, मेणबत्त्या लावलेल्या, सगळा गाव चहा पीत भिंतीला टेकून बसलेला. त्या गर्दीत त्यानं विचारलं, "बाबा, डबा का नाही सोडलास?"

बसलेल्यांनी कप खाली ठेवले.

"घोडी होती ना मागं," फेस्टी म्हणाला.

मी तिथंच म्हणाले, "माझ्या बहिणीपेक्षा घोडी मोठी झाली का रे तुला?" मग मी वर्षभर त्याच्याशी बोलले नाही. त्याबद्दल मला कुणी उपदेश करू नये. माझी एकच बहीण होती.

तिला जाऊन वर्ष झालं त्या प्रार्थनेच्या दिवशी, सगळे चर्चमधून घरी गेल्यावर, दुपार कलताना माझ्या दारात जीप थांबली. मागे डबा नव्हता. फेस्टी खाली उतरला, टोपी हातात.

"नोनी, माझ्याबरोबर चल."

"कुठं?"

"चौफुलीपासून हॉस्पिटलपर्यंत. मोकळी जीप घेऊन. सहाच्या घंटेला निघायचं."

"कशाला?"

"मला कळायला पाहिजे," तो म्हणाला. "सगळे म्हणतात, सोडला असता तर पोचला असतास. मलाही तसंच वाटतं. पण रात्री वाटतं तसं, आणि सकाळी नाही वाटत. एकदा कळू दे."

"मग एकटा जा."

"एकट्यानं जमत नाही गं. तिच्या जागी कुणीतरी पाहिजे."

मी कोट घातला. दयेपोटी नाही. तो चुकला होता हे त्याच्या तोंडासमोर सिद्ध व्हावं, आणि तेव्हा मी शेजारी बसलेली असावी, एवढ्यासाठी.

मॅटीनं रेडिओ मोठा केला. घंटेबरोबर आम्ही निघालो. पहिला सरळ पट्टा फेस्टीनं जोरात घेतला, जीप नुसती हिसके देत होती. मला वाटलं, आता बघा. मग वळण आलं. लांब होतं अजून, पण त्याचा पाय उचलला गेला, गियर उतरला आणि जीप पाळण्यासारखी वळली.

"फेस्टी, मागं काही नाही."

"माहीत आहे."

"मग दाब ना."

"दाबतो."

पुढच्या वळणाला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. तो खरंच प्रयत्न करत होता. ओठ आवळलेले, कपाळावर घाम, स्टिअरिंगवर बोटं पांढरी पडलेली. पण वळण दिसलं की पाय आपोआप वर. त्याच्या मनाचं तो पाय ऐकतच नव्हता. मागून गाड्या आल्या, भोंगे वाजवून पुढे गेल्या. "अरे, मी मरतेय असं समज," मी ओरडले. "तुझ्या शेजारी बाई मरतेय, दाब." त्यानं दाबला, आणि समोर वळण आलं, आणि त्यानं सोडला. मॉयकलनच्या चर्चपाशी त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यानं हात सोडला नाही, कारण हात सोडला की गाडी हलते.

आम्ही हॉस्पिटलच्या फाटकात पोचलो. जीपच्या रेडिओवर सातच्या बातम्या सुरू झाल्या.

फेस्टीनं इंजिन बंद केलं.

"म्हणजे डबा सोडला असता तरी," तो म्हणाला.

"तरी," मी म्हणाले.

"मी वर्षभर त्या घोडीच्या तोंडाकडं बघितलं नाही, नोनी. दाणा टाकतो आणि पाठ फिरवतो. मला वाटायचं, हिच्यामुळं. तिचा काहीच दोष नव्हता."

मी त्याच्या बाहीवर हात ठेवला. वर्षभर जपलेला राग कुठे ठेवावा ते मला कळेना. घोडीवर ठेवता येईना, आणि या माणसावर तर नाहीच. तो मला शेतातल्या त्या डब्यातून उतरताना दिसला, टेंगूळ आलेला, मान डोलावणारा, आणि पहिल्यांदा मला माझ्या बहिणीचा राग आला. तिनंच याला असा केला होता, इतका सावकाश, की तिच्यासाठीसुद्धा त्याला घाई करता आली नाही. आणि हे तिला तोंडावर सांगावं तर ती नव्हती. तिच्या मरणाला मी जेवढी रडले नव्हते तेवढी त्या फाटकात रडले.

"काय झालं?" फेस्टीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. त्याला ते मी सांगितलं नाही आणि कधी सांगणारही नाही. त्याच्याकडे तिचं म्हणून तिनं शिकवलेलं ते सावकाश चालवणंच तेवढं उरलंय.