मोटारसायकल चढेल असा रॅम्प

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी माझ्या पोटावर गार चिकट जेली लावली, यंत्र फिरवलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "यांना लघवी होते का नीट?"

मी पायांनी अधू आहे, बहिरी नाही. पण चाकांच्या खुर्चीवरच्या बाईबद्दल काही विचारायचं असलं की लोक खुर्ची ढकलणाऱ्याला विचारतात. मी पडल्या पडल्याच उत्तर दिलं, "होते डॉक्टर. पण मी जात नाही."

तेव्हा कुठं ते माझ्याकडे वळले. डाव्या किडनीला हायड्रोनेफ्रोसिस झालाय, म्हणाले. म्हणजे खाली नळीत खडा अडकून लघवी वर तुंबते आणि किडनी फुगत जाते. खडा जुना आहे. दिवसभरात पाणी किती पिता, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत एक घोट नाही.

माझे यजमान गजानन राळेगावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांना हे ठाऊक नव्हतं. यवतमाळच्या त्या दवाखान्यातून बाहेर पडल्यावर रस्त्यात म्हणाले, "अवं, सांगतलं काहून नाई मले?" काय सांगणार होते मी?

ज्यांच्यावर ही वेळ येऊ शकते त्यांच्यासाठी सगळं लिहिते, लाज बाजूला ठेवून.

लहानपणीच्या पोलिओनं माझे दोन्ही पाय गेले. अपंगांच्या राखीव जागेवर मी तालुक्याच्या गावातल्या एका कार्यालयात कारकून म्हणून लागले. कार्यालयाचं नाव सांगत नाही. तिथलं संडास मागच्या बाजूला, उंच जोत्यावर, पायऱ्या चढून जायचं. धरायला कठडा नाही. सुरुवातीला मी खुर्चीवरून खाली उतरून, हात टेकत, बसल्या बसल्या वर चढायचे. पायऱ्या कायम ओल्या, आणि कशानं ओल्या ते विचारू नका. त्याच हातांनी मग फायली हाताळायच्या. एकदा वर पोचले तर दोन पुरुष तिथं उभे. म्हणाले, "सावकाश ताई, आमी नाई पाहून राह्यलो." आणि पाहत होते. त्या दिवसापासून मी जाणं बंद केलं, म्हणजे पाणीच बंद केलं.

चहा आला की मी म्हणायचे, उपास आहे. वर्षानुवर्षं रोज उपास! कार्यालयात सगळे म्हणत, ताई मोठ्या नेमाच्या. शेजारच्या टेबलावरची वर्षा तर मला कोणत्या देवाचं करता म्हणून विचारायची.

अर्ज दिले नाहीत असं नाही. साहेब दरवेळी गोड बोलायचे, प्रस्ताव वर पाठवलाय म्हणायचे. मतदानाच्या दिवशी मात्र माझ्या दारात गाडी उभी राहायची, शाळेत खुर्ची तयार, फोटो काढायला माणूस तयार. माझ्या बोटाला शाई लागली की खुर्चीही जायची आणि माणूसही.

पहिलं लक्षण म्हणजे डाव्या कुशीतली बारीक कळ. मी म्हटलं, बसून बसून दुखत असेल. मग मे महिन्यात लघवीला आग व्हायला लागली. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, बरं वाटलं, पुन्हा आग. शेवटी एके दुपारी त्या रखरखीत उन्हात मला थंडी वाजून आली. वर्षानं गजाननला फोन केला आणि त्यांनी मला यवतमाळला सोनोग्राफीला नेलं. तुम्हाला यातलं काहीही झालं तर गोळ्यांवर भागवू नका, मी भागवलं.

नागपूरला डीटीपीए स्कॅन झाला. शिरेतून किरणोत्सारी औषध सोडतात आणि कोणती किडनी किती काम करते ते कॅमेऱ्यात दिसतं. दुखत नाही. फक्त टेबल उंच होतं आणि मला उचलणाऱ्या दोघांनी माझ्यासमोरच माझ्या वजनावरून चेष्टा केली. सर्जन भला माणूस होता, पण बोलणं कुऱ्हाडीसारखं. "डावी संपली आहे. आत पू आहे. काढावी लागेल." मी विचारलं, वाचवता नाही येणार? तो म्हणाला, "दोन वर्षं आधी आला असतात तर वाचवता आली असती."

नेफ्रेक्टॉमी, म्हणजे किडनी काढण्याचं ऑपरेशन. शुद्धीवर आले तेव्हा कुशीत आग पेटलेली आणि लघवीला कॅथेटर, म्हणजे नळी, लावलेली. खरं सांगू? त्या नळीवर माझा जीव जडला. मी तांबेच्या तांबे पाणी प्यायले. कोणाला विचारायचं नाही, कोणी पाहायचं नाही. सिस्टर नळी काढायला आल्या तेव्हा मी रडले. त्यांना वाटलं दुखतंय.

घरी सोडताना सर्जन या वेळी माझ्याशीच बोलला. "आता एकच आहे. पाणी भरपूर प्या आणि लघवी कधीही रोखायची नाही. रोखली तर हीपण जाईल. मग डायलिसिस." मी मान हलवली. पण मनात तेच जोतं आणि त्याच पायऱ्या.

रजा संपवून कामावर गेले तर कार्यालयाच्या मागं मांडव! वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. माझ्या नावानं रॅम्प बांधला होता आणि उद्घाटनासाठी माझीच वाट पाहत होते. शाल, नारळ, माइक. वर्षा खरोखर आनंदानं माझा हात दाबत होती.

मग मी रॅम्प पाहिला. आमच्याकडं रॅम्प म्हटलं की मिस्त्री एकच बांधतो, रात्री मोटारसायकल घरात घ्यायला ओट्यासमोर असते तशी उभी उतरण. चाक घसरू नये म्हणून सिमेंटवर आडव्या जाड रेघा ओढलेल्या. त्यानं तोच बांधला, मन लावून बांधला. साहेबांनी शिपायाला खूण केली. त्यानं मोटारसायकल सुरू केली आणि भर्रकन वर नेली. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, पाहा ताई, कसा मजबूत झालाय.

मी विचारलं, मी कशी चढू? ते म्हणाले, त्यात काय, कोणालाही आवाज द्या, दोघं जण ढकलतील. म्हणजे दर वेळी कार्यालयात हाळी द्यायची. आणि साहेबांनी माइक माझ्या हातात दिला, आभाराचे दोन शब्द बोला म्हणून.

सकाळपासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पाणी पीत होते. माइकमध्येच म्हटलं, "साहेब, मले आत्ता लघवीले जा लागते. तुमीच घेऊन चला."

 कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी शाल बाजूला ठेवली आणि खुर्ची ढकलायला लागले. निम्म्यावर पुढची चाकं रेघेत अडकली. खुर्ची वरही जाईना आणि त्यांना सोडताही येईना. शिपाई धावला, पण मोटारसायकल वरच उभी, खुर्ची जायला जागा कुठं? माझ्या मानेवर साहेबांचा श्वास लागत होता. ते कुजबुजले, "ताई, थोडा वेळ रोखता नाई येत का?"

नाही, मी म्हटलं. आणि रोखली नाही.

साडीतून, खुर्चीतून, त्यांच्या बुटांवरून ती रेघारेघांनी खाली मांडवात गेली. सगळ्यांनी पाहिली. लाजेनं मला मरून जावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. गजानन असते तर त्यांनाही पाहवलं नसतं.

तो रॅम्प त्यांनी फोडला. दुसरा झाला, लांबलचक, कठड्याचा, मी एकटी चढते. साहेब माझ्याशी बोलत नाहीत आणि मागून काही जण मला घाणेरडी बाई म्हणतात. म्हणोत. आभार मी सर्जनचे मानते, सिस्टरचे मानते. या नव्या रॅम्पसाठी कोणाचेही मानत नाही. तो माझ्या किडनीच्या बदल्यात आलाय.