मंद आच

दूध उतू जाण्यापासून संसार मोडण्यापर्यंत जगातल्या सगळ्या अनर्थांचं मूळ गॅसच्या बटणात आहे, असं मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, तो म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. वडूजच्या शाळेत मराठी शिकवून काका निवृत्त झाले, दोघं वाईला राहायला आली, आणि शिकवायला वर्ग उरला नाही म्हणून काकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. रांधलं कधीच नाही हो! दारात खुर्ची टाकून बसायचे आणि ओट्याशी उभ्या मावशीला शब्दांची कुळं ऐकवायचे. 'स्लो गॅस' कानावर पडलं की त्यांचं डोकंच फिरायचं. एकदा शेजारीण बासुंदी कशी करायची ते विचारायला आली आणि नेमकं तेच बोलून बसली. "मंद आच म्हणा!" काका कडाडले. "संस्कृतात अर्चि म्हणजे ज्वाला. प्राकृतात तिची अच्ची झाली, आपण आच केली." बिचारी बासुंदी न विचारताच घरी गेली. मग आमची शिकवणी सुरू. धग लांबूनही जाणवते, झळ नको असताना बसते, ऊब मागून घ्यावी लागते; पण आच भांड्याला लागते तशी जिवालाही लागते, असा शब्द दुसरा नाही. "आवं, ऱ्हाऊ द्या ती आच, दूध वर आलं आसंल बगा," मावशी माजघरातून ओरडायची. तोवर काकांच्या डोळ्यांदेखत दूध शेगडीभर झालेलं असायचं.

गेल्या हिवाळ्यात मावशी तापाने पडली. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच उडाली. पोटात काही गेलं नाही तर औषधांचाही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी मदतीला गेले होते. पेज, खिमट, मऊ भात, काय काय करून पाहिलं; ती तोंड फिरवायची. मला आतून भीती वाटायला लागली होती. एका सकाळी ती पुटपुटली, "जोंधळ्याच्या कण्या खाव्या वाटत्यात." काका खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला ओट्याजवळ फिरकूच दिलं नाही. ज्योत इतकी बारीक, की गॅस चालू आहे का ते वाकून पाहावं लागत होतं. खालून लागू नये म्हणून ते दुपारपर्यंत ढवळत राहिले. आच या शब्दाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांच्या रिकाम्या खुर्चीत मी बसून होते.

ताक घालून त्यांनी पहिला चमचा भरवला. मावशीने तो कसाबसा चावला.

"कच्च्या हायती," ती म्हणाली.

काकांचा चेहरा पडला. जन्मभर आमची भाषा सुधारत आलेला तो माणूस तिच्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "आच लय मंद हुती का गं?"

"कण्यांला मंद हुती," मावशी म्हणाली. "तुमास्नी न्हाई."

आणि तिने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.